न्यूकॅसल ईगल्सचा हंगामवार इतिहास: सात विजेतेपदं नेमकी कोणती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमधल्या न्यूकॅसल ईगल्स या व्यावसायिक बास्केटबॉल संघाचा हंगामवार तक्ता तुम्ही मराठीत तयार करताय. दोन ठिकाणी ‘सात वेळा विजेते’ असं सापडलं, पण दोन्हीकडची वर्षं जुळत नाहीत. एका यादीत २००७ आहे, आणि त्या हंगामाचा लीगचा तक्ता उघडला तर पहिल्या क्रमांकावर गिल्डफोर्ड हीट दिसतो. शिवाय १९९५ च्या आधी संघ शेजारच्या संडरलंड शहरात होता, तो काळ धरायचा की नाही, हेही तुम्हाला ठरवता येत नाहीये.

पहिल्या शंकेचं उत्तर सोपं आहे: दोन्ही याद्या बरोबर आहेत. त्या दोन वेगवेगळ्या स्पर्धांच्या आहेत आणि योगायोगाने दोन्हींची बेरीज सात येते. खरी अडचण पुढेच आहे. ब्रिटिश बास्केटबॉलमध्ये एका हंगामात एकच विजेता नसतो, आणि तुमच्या तक्त्यात ‘विजेतेपद’ नावाचा एकच रकाना असेल तर तो कुठल्या ना कुठल्या वर्षी चुकणारच. म्हणून आधी रकाने दुरुस्त करा, आकडे नंतर भरा.

ब्रिटिश बास्केटबॉल लीग, म्हणजे बीबीएल, १९८७ साली सुरू झाली. वरच्या गटातल्या क्लबांनी आपली लीग आपल्या हाती घेतली. न्यूकॅसलच्या यशाच्या काळात तिच्या छत्राखाली दर हंगामात चार स्पर्धा होत. लीग म्हणजे शरद ऋतूपासून वसंतापर्यंत चालणारी साखळी. ज्याचे विजय जास्त तो पहिला. कप ही बाद फेरीची स्पर्धा, तिचा अंतिम सामना साधारण जानेवारीत. ट्रॉफी ही तिसरी, तिचा अंतिम सामना साधारण मार्चमध्ये. काही वर्षी तिच्यात गटसाखळी असे आणि खालच्या स्तरातल्या संघांनाही बोलावत. आणि शेवटी प्लेऑफ. लीगमधले पहिले आठ संघ एकमेकांना भिडतात आणि मे महिन्याच्या आसपास एकच अंतिम सामना होतो.

गोंधळ लीग आणि प्लेऑफ या दोघांमध्ये होतो. अमेरिकेत प्लेऑफ जिंकणारा तोच त्या वर्षीचा विजेता, त्याबद्दल वाद नाही. इंग्लिश फुटबॉलमध्ये उलट, साखळीत पहिला आला तो विजेता. ब्रिटिश बास्केटबॉलने दोन्ही परंपरा एकदम सांभाळल्या: लीगचा वेगळा चषक, प्लेऑफचा वेगळा. जुन्या बातम्यांत दोन्ही विजेत्यांना बिनदिक्कत ‘चॅम्पियन्स’ म्हटलेलं आढळेल. त्यामुळे नुसत्या मथळ्यावरून वर्ष टिपून घेऊ नका. बातमीची तारीख बघा. मार्च-एप्रिलमध्ये, एखाद्या नेहमीच्या सामन्यानंतर आलेली बातमी लीगची असते. मेमधल्या अंतिम सामन्याची बातमी प्लेऑफची.

आता ईगल्सची वर्षं. लीग त्यांनी २००५–०६, २००७–०८, २००८–०९, २००९–१०, २०११–१२, २०१३–१४ आणि २०१४–१५ या हंगामांत जिंकली. प्लेऑफ जिंकले २००५, २००६, २००७, २००९, २०१२, २०१५ आणि २०२१ मध्ये. दोन्हीकडे सात. दोन्ही एकाच हंगामात जिंकले असे हंगाम चार: २००५–०६, २००८–०९, २०११–१२ आणि २०१४–१५. लीग मिळाली पण प्लेऑफ निसटला असे तीन, आणि प्लेऑफ मिळाला पण लीग दुसऱ्याकडे गेली असेही तीन. म्हणजे या दोन मोठ्या स्पर्धांपैकी किमान एक जिंकली असे हंगाम दहा होतात. तुमच्या तक्त्याच्या खाली एकच ओळ द्यायची असेल तर ‘लीग ७, प्लेऑफ ७’ एवढं लिहा. ‘१४ वेळा विजेते’ लिहू नका. वाचणाऱ्याला ते चौदा हंगाम वाटतील.

२००७ चं कोडंही यातच सुटतं. २००६–०७ ची लीग गिल्डफोर्डने जिंकली आणि त्याच हंगामाचा प्लेऑफ न्यूकॅसलने. २०१० मध्ये नेमकं उलटं झालं: लीग न्यूकॅसलची, प्लेऑफ एव्हर्टन टायगर्सचा. २०१३–१४ मध्ये लीग पुन्हा न्यूकॅसलची आणि प्लेऑफच्या अंतिम सामन्यात वुस्टर वुल्व्ह्जने त्यांना हरवलं. या तीन हंगामांच्या नोंदी आधी लिहून बघा. त्या नीट बसल्या तर तुमचे रकाने बरोबर आहेत.

उपविजेतेपदासाठीही जागा ठेवा, असा माझा आग्रह आहे. नुसते विजय लिहिले की हंगामाचा खरा अंदाज येत नाही. २०१२ ते २०१५ या सलग चार वर्षांत ईगल्स प्लेऑफच्या अंतिम सामन्यात होते. दोनदा जिंकले, दोनदा हरले. २०१३ मध्ये लेस्टर रायडर्सने त्यांना हरवलं आणि त्याच वर्षी लेस्टरने लीग व कपही घेतला. फक्त जिंकलेले चषक लिहिणाऱ्या तक्त्यात २०१२–१३ हा हंगाम रिकामा दिसतो, आणि तो रिकामा मुळीच नव्हता.

चारही स्पर्धा एकाच हंगामात जिंकणं ही या क्लबची सगळ्यात मोठी कमाई. ते त्यांनी २००५–०६ मध्ये केलं, मग २०११–१२ आणि २०१४–१५ मध्ये. तिन्ही वेळा संघाची धुरा फॅब्युलस फ्लोर्नॉय या एकाच माणसाकडे होती, आणि तोही प्रशिक्षक असून स्वतः मैदानात उतरणारा खेळाडू. इतिहास लिहिताना या सलगतेला मी भरपूर जागा देईन. ब्रिटनमधल्या बहुतेक संघांत अमेरिकी खेळाडू एका वर्षाच्या करारावर येतात आणि जातात; दर शरदात संघ जवळपास नव्याने बांधावा लागतो. तिथे एकच प्रशिक्षक दीड दशकाहून जास्त काळ टिकला, यातच त्या यशाचं बरंचसं कारण आहे. २०१९ मध्ये फ्लोर्नॉय एनबीए या उत्तर अमेरिकेतल्या लीगमधल्या टोरोंटो रॅप्टर्सच्या प्रशिक्षक ताफ्यात गेले. त्यांच्यानंतर इयन मॅक्लाउड आले आणि २०२१ चा कप व प्लेऑफ त्यांच्या कारकिर्दीतला. प्रशिक्षकाचा रकाना केलात तर त्यात ‘खेळाडू-प्रशिक्षक’ अशी खूण जरूर करा.

हंगामाची ओळख दोन वर्षांनीच लिहा: २००५–०६. ही बारीक गोष्ट वाटते, पण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. जानेवारी २००६ चा कप, मार्च २००६ ची ट्रॉफी आणि मे २००६ चा प्लेऑफ हे सगळं २००५–०६ याच हंगामाचं. स्रोतात नुसतं ‘२००६’ असेल आणि ते २००६–०७ च्या ओळीत गेलं, तर एका चुकीने दोन हंगाम बिघडतात: एक चषक कमी होतो आणि दुसऱ्या हंगामात तो फुकटचा येतो. एक नियम धरला की झालं. अंतिम सामना वर्षाच्या पहिल्या सहामाहीत असेल तर हंगामाचं दुसरं वर्ष तेच.

कपच्या बाबतीत आणखी एक सांधा आहे. २००३ पर्यंत इंग्लंडच्या बास्केटबॉल संघटनेचा नॅशनल कप होता आणि त्यात बीबीएलचे संघही खेळत. २००३–०४ पासून बीबीएलने स्वतःचा कप सुरू केला. ईगल्सने जिंकलेले कप सगळे २००६ पासूनचे, म्हणजे बीबीएल कपच आहेत, त्यामुळे विजयांची मोजणी बिघडत नाही. पण नव्वदीच्या दशकातली ‘कप: उपांत्यपूर्व फेरी’ अशी नोंद करताना ती नॅशनल कपची आहे हे लिहा. दोन वेगळ्या स्पर्धा एका रकान्यात गेल्या तर तळटीप हवीच.

आता साखळीचे आकडे. इथे अनेक जण नुसती नक्कल करतात आणि दुसऱ्याची चूक आपल्या नावावर घेतात. लीगमध्ये विजयाला दोन गुण आणि पराभवाला शून्य. बास्केटबॉलमध्ये बरोबरी नसते, जादा वेळ खेळून निकाल लावतात. म्हणून प्रत्येक ओळीत विजय अधिक पराभव म्हणजे सामने, आणि विजय गुणिले दोन म्हणजे गुण. हे दोन्ही जुळलं नाही तर ती ओळ तशीच पुढे नेऊ नका.

दुसरी तपासणी सगळ्या तक्त्याची. २०१४–१५ मध्ये तेरा संघ होते आणि प्रत्येकजण प्रत्येकाशी तीनदा खेळला, म्हणजे १२ गुणिले ३, छत्तीस सामने. एकूण सामने १३ गुणिले ३६ भागिले २, म्हणजे २३४. सगळ्या संघांच्या विजयांची बेरीज २३४ आलीच पाहिजे, पराभवांचीही तितकीच, आणि गुणांची ४६८. बारा संघांच्या हंगामात असेच तीन-तीन सामने म्हटले की ३३ होतात आणि एकूण १९८. तेहतीस ही विषम संख्या, त्यामुळे घरचे आणि बाहेरचे सामने समान नसतात. कुणाला सतरा, कुणाला सोळा. घर-बाहेरची विभागणी देताना ‘१६–१७’ दिसलं म्हणून ती चूक समजू नका. बेरीज जुळली नाही तर बहुधा दोनपैकी एक कारण असतं. एकतर प्लेऑफचे सामने साखळीत मिसळलेले असतात, किंवा मधेच बाहेर पडलेल्या संघाविरुद्धचे निकाल एका स्रोताने रद्द धरलेले असतात आणि दुसऱ्याने ठेवलेले असतात. विजयांचा आकडा चार-पाचने जास्त येत असेल तर मला पहिला संशय प्लेऑफचाच येतो.

प्लेऑफच्या सुरुवातीच्या फेऱ्यांचंही लक्षात असू द्या. अनेक हंगामांत त्या दोन-दोन सामन्यांच्या होत्या, एक घरी आणि एक बाहेर, आणि दोन्ही सामन्यांतल्या गुणांची बेरीज करून निकाल लावत. त्यामुळे एक सामना हरूनही संघ पुढे जातो. तिथे ‘विजय-पराजय’ लिहिण्यापेक्षा दोन्ही सामन्यांचे गुणफलक आणि एकूण बेरीज लिहिणं चांगलं.

क्रमांकाच्या रकान्यात १९९९–२००० ते २००१–०२ हे तीन हंगाम वेगळे काढा. त्या काळात लीग उत्तर आणि दक्षिण अशा दोन गटांत विभागलेली होती आणि न्यूकॅसल अर्थातच उत्तरेत. ‘पाचवा’ असा आकडा दिसला तर तो उत्तर गटातला पाचवा, सगळ्या देशातला नव्हे. ‘उत्तर, ५’ असं लिहिलं तर पुढे कुणी सरासरी क्रमांक काढायला बसलं तरी फसणार नाही. दोन संघांचे गुण सारखे असतील तर वर कोण, हे त्या-त्या हंगामाच्या नियमावलीवर अवलंबून असतं. गुणफरकावरून आपणच क्रम लावू नये. त्या वर्षीच्या शेवटच्या अधिकृत तक्त्यात जो क्रम आहे तोच घ्या.

आता तुमचा अवघड प्रश्न, संडरलंडचा. याचं उत्तर तुम्ही कशाचा इतिहास लिहिताय यावर अवलंबून आहे. क्लब आपली स्थापना १९७६ ची मानतो. त्याची फ्रँचायझी संडरलंडमध्ये होती आणि सेंट्स, ७६अर्स, स्कॉर्पियन्स अशी नावं बदलत गेली. १९९५ मध्ये ती न्यूकॅसलला आली, टाईन नदीकाठी नव्याने उघडलेल्या मोठ्या अरीनात. एक हंगाम ‘न्यूकॅसल कॉमेट्स’, आणि १९९६ पासून ‘ईगल्स’. तेव्हा न्यूकॅसल युनायटेड फुटबॉल क्लबचे सर जॉन हॉल एका छताखाली फुटबॉल, रग्बी, आइस हॉकी आणि बास्केटबॉल असा अनेक खेळांचा क्लब उभारत होते. हे स्थलांतर त्या योजनेचाच भाग होतं. संडरलंड आणि न्यूकॅसल ही शेजारची शहरं असली तरी खेळाच्या बाबतीत कट्टर प्रतिस्पर्धी. म्हणून संडरलंडचं यश न्यूकॅसलच्या खात्यात टाकलेलं तिथल्या जुन्या प्रेक्षकांना रुचत नाही, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं.

पण तो काळ गाळून टाकणंही बरोबर नाही. संडरलंडने १९८१ आणि १९८३ मध्ये राष्ट्रीय प्लेऑफ जिंकले होते, तेही बीबीएलच्या आधी, १९७२ पासून चाललेल्या नॅशनल बास्केटबॉल लीगच्या जमान्यात. त्या दोन्ही हंगामांत साखळीत पहिला दुसराच संघ होता: १९८०–८१ मध्ये बर्मिंगहॅम, १९८२–८३ मध्ये क्रिस्टल पॅलेस. म्हणजे ईगल्सच्या २००७ सारखाच प्रकार चोवीस-सव्वीस वर्षं आधीही होताच. माझा सल्ला असा की दोन तक्ते करा. पहिला संडरलंडचा, दुसरा १९९५ पासून न्यूकॅसलचा, आणि मधे दोन ओळींत स्थलांतराची माहिती. बेरीज फक्त दुसऱ्याची द्या. कुणाला एकत्र बेरीज हवी असेल तर तो स्वतः करेल; पण एकदा मिसळलेले आकडे वेगळे काढणं फार कठीण जातं.

संघ ‘तोच’ आहे की नाही हे ठरवताना नावावर विसंबू नका, खेळण्याचा परवाना कुणाकडून कुणाकडे गेला ते पाहा. मँचेस्टर जायंट्स २००१ मध्ये बंद पडला आणि २०१२ मध्ये त्याच नावाचा नवा संघ आला. नाव एकच, क्लब दोन. उलट एडिनबरा रॉक्स २००२ मध्ये ग्लासगोला गेला, स्कॉटिश रॉक्स झाला, मग ग्लासगो रॉक्स, आणि २०२२ पासून कॅलेडोनिया ग्लॅडिएटर्स. नावं चार, धागा एक. मिल्टन कीन्स लायन्स २०१२ मध्ये लंडन लायन्स झाला, तोही एकच धागा. प्लिमथमध्ये २०२१ साली रेडर्सच्या जागी सिटी पेट्रियट्स आला, तो मात्र नवा संघ. प्रतिस्पर्ध्यांची नावं लिहिताना त्या हंगामात जे नाव होतं तेच ठेवा. २००६ च्या ओळीत ‘ग्लासगो’ लिहिलंत तर ते चूक ठरेल.

मैदानाच्या रकान्यात हीच काळजी. १९९५ पासून ज्या अरीनात ईगल्स खेळले त्याचं नाव पुरस्कर्त्यांप्रमाणे बदलत राहिलं: न्यूकॅसल अरीना, टेलीवेस्ट अरीना, मेट्रो रेडिओ अरीना. इमारत एकच. २०१० मध्ये संघ नॉर्थंब्रिया विद्यापीठाच्या स्पोर्ट सेंट्रलमध्ये गेला. हजारो खुर्च्यांच्या भल्यामोठ्या सभागृहातून विद्यापीठाच्या क्रीडासंकुलात. त्यामुळे २००९–१० आणि २०१०–११ या दोन हंगामांची प्रेक्षकसंख्या शेजारी ठेवून ‘लोकप्रियता घटली’ असा निष्कर्ष काढू नका; बसायची जागाच कमी झाली होती. जानेवारी २०१९ मध्ये संघ स्कॉट्सवूड रोडवरच्या स्वतःच्या ईगल्स कम्युनिटी अरीनात आला. म्हणजे २०१८–१९ या एका हंगामाला घरची दोन मैदानं आहेत. रकान्यात दोन्ही लिहा, मधे तिरपी रेघ.

२०१९–२० हा हंगाम कोरोनामुळे मार्चमध्ये थांबला आणि पूर्ण झालाच नाही. लीगला विजेता नाही, प्लेऑफ नाहीत. कप मात्र जानेवारीतच होऊन गेला होता आणि तो वुस्टरने जिंकला होता. म्हणून अख्ख्या ओळीवर ‘रद्द’ असा शिक्का मारू नका; कपच्या रकान्यात निकाल येईल, लीगच्या रकान्यात ‘अपूर्ण’. थांबल्या दिवशीचा क्रमांक द्यायचाच असेल तर कंसात द्या आणि सरासरीत धरू नका. २०२०–२१ चे बहुतांश सामने प्रेक्षकांविना झाले. प्रेक्षकसंख्येत तिथे शून्य लिहू नका, आडवी रेघ द्या. शून्य लिहिलं की सरासरी खाली येते आणि चुकीचं चित्र दिसतं.

तक्त्याचं शेवटचं वळण २०२४. बीबीएलमध्ये अमेरिकेतल्या ७७७ पार्टनर्स या कंपनीने २०२१ मध्ये सुमारे ४५ टक्के हिस्सा घेतला होता. ती कंपनी आर्थिक संकटात सापडली, आणि २०२४ च्या जूनमध्ये ब्रिटिश बास्केटबॉल महासंघाने बीबीएलचा परवाना काढून घेतला. क्लबांनी मिळून त्याच उन्हाळ्यात सुपर लीग बास्केटबॉल उभी केली आणि २०२४–२५ पासून ईगल्स तिथे खेळतात. क्लब तोच, स्पर्धा नवी. म्हणून तक्त्यात एक ‘लीग’ नावाचा रकाना ठेवा: १९९५–९६ ते २०२३–२४ बीबीएल, पुढे सुपर लीग. वर सांगितलेले सातही लीग विजय बीबीएलचे आहेत हे त्यामुळे आपोआप स्पष्ट होईल.

कामाचा क्रम विचारलात तर २००५–०६ पासून सुरुवात करा. चारही स्पर्धांत एकच नाव असल्याने पडताळणी लवकर होते. तिथून २०१४–१५ पर्यंत पुढे या, मग मागे १९९५ पर्यंत जा. अलीकडच्या हंगामांसाठी लीगच्या संकेतस्थळाच्या जुन्या प्रती वेबॅक मशीनवर सापडतात. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली प्रत शोधा, कारण त्याआधीच्या तक्त्यांत एक-दोन सामने राहिलेले असतात. नव्वदीच्या दशकासाठी ‘द क्रॉनिकल’ आणि ‘द जर्नल’ ही न्यूकॅसलची, तर संडरलंडसाठी ‘संडरलंड एको’ हे वृत्तपत्र बघा. सामन्याच्या दुसऱ्या दिवशीचा अंक घ्या, आठवड्याच्या गोषवाऱ्यात आकडे उलटसुलट छापलेले असतात. प्रत्येक ओळीसाठी दोन स्वतंत्र आधार मिळेपर्यंत ती ओळ पेन्सिलीतच आहे असं समजा. आणि ते आधार खरोखर स्वतंत्र आहेत ना, हेही बघा. दोन संकेतस्थळांवर एकच चुकीचा आकडा तंतोतंत सारखा दिसला तर एकाने दुसऱ्याचं उचललेलं असण्याचीच शक्यता जास्त.